पाच शेअरचा एक फेरा: डीमॅट उघडण्यापासून पैसे बँकेत परत येईपर्यंत

कोणता शेअर घ्यावा याचा सल्ला द्यायला जो तो तयार असतो. खात्याचा अर्ज कुठे अडकतो, घेतलेला शेअर नेमका कुठे जमा होतो, विकल्यावर पैसे कोणत्या वाटेने परत येतात, हे मात्र विचारलं की लोक ॲपकडे बोट दाखवतात. म्हणून मोठी रक्कम घालण्याआधी एक छोटा फेरा पुरा करायचं ठरवलं. डीमॅट म्हणजे शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवायचं खातं उघडायचं, एका कंपनीचे पाच शेअर घ्यायचे, आठवड्याने विकायचे आणि ते पैसे परत बँकेत उतरेपर्यंत थांबायचं. अर्जापासून बँकेपर्यंत 17 दिवस लागले. त्याआधी पॅनच्या दुरुस्तीत अडीच आठवडे गेले ते वेगळे. तारखा 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या आहेत आणि खर्च पैशापर्यंत दिला आहे.

6 ऑक्टोबर: नावाचा घोळ

अर्ज भरायला बसण्याआधी पॅन, आधार आणि बँकेचं पासबुक शेजारी शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. आपल्याकडे हा घोळ ठरलेलाच असतो. पॅनवर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर, आधारवर पूर्ण नाव, बँकेत आडनाव आधी. बायकांच्या बाबतीत पॅन माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या नावाने, हे तर घरोघरी. बँकेतला नावांचा क्रम उलटा असला तर बहुतेक वेळा निभावतं, पण पॅन आणि आधारमधला फरक निभावत नाही.

याचं कारण असं, की ब्रोकर तुमची माहिती स्वतःपुरती ठेवत नाही, ती केआरए म्हणजे केवायसी नोंदणी संस्थेकडे जाते. तिथे पॅन, आधार, नाव आणि जन्मतारीख यांचा मेळ घातला जातो. मेळ बसला नाही तर केवायसी ‘ऑन होल्ड’ पडते, आणि मग डीमॅट नंबर मिळूनही सौदा करता येत नाही. जुन्या आधार कार्डांवर जन्मतारखेच्या जागी फक्त साल असतं. तेही इथेच अडतं.

आधार बरोबर होतं, म्हणून पॅन दुरुस्त केलं. ऑनलाइन अर्ज, आधारच्या ओटीपीवर सही, खर्च शंभरेक रुपये. अर्ज 6 ऑक्टोबरला गेला, मध्ये दिवाळी आली, दुरुस्त ई-पॅन 24 ऑक्टोबरला ईमेलवर आलं. त्यानंतर आयकर खात्याच्या पोर्टलवर पॅन-आधार जोडणीची स्थिती पाहिली. ती बघायला पैसे पडत नाहीत, लॉगिनही लागत नाही. जोडणी राहिली असेल तर 1,000 रुपये विलंब शुल्क भरून आधी ती करा. पॅन निष्क्रिय असेल तर पुढचं सगळं वाया जातं.

आणखी एक. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा. शेवटची सही त्याच नंबरवरच्या ओटीपीने होते. तो नंबर बंद पडला असेल तर आधार केंद्रात जाऊन नवा जोडून घ्या, नाहीतर कागदी फॉर्मची वाट धरावी लागते.

3 नोव्हेंबर, सोमवार: अर्ज

ब्रोकर निवडताना दोनच गोष्टी नीट पाहिल्या. पहिली, सेबी या बाजार नियामकाच्या वेबसाइटवरच्या यादीत त्याचं नाव आहे का. शेअर ब्रोकरचा नोंदणी क्रमांक ‘आयएनझेड’ने सुरू होतो. दुसरी, दरपत्रक. जाहिरातीत खातं फुकट असतं. दरपत्रकात चार ओळी शोधायच्या: डिलिव्हरीची (शेअर डीमॅटमध्ये घेऊन ठेवण्याच्या सौद्याची) ब्रोकरेज, डीमॅटचं वार्षिक शुल्क, विकताना लागणारं डीपी शुल्क आणि फोनवरून ऑर्डर दिल्यास जादा आकार. निवडलेल्या ब्रोकरचा दर डिलिव्हरीच्या प्रत्येक ऑर्डरला 20 रुपये होता. काही ब्रोकर डिलिव्हरीला काहीच घेत नाहीत, काही टक्क्यांत घेतात. वार्षिक शुल्क 300 रुपये अधिक जीएसटी, पण ते भरावं लागलं नाही, कारण खातं बीएसडीए म्हणजे छोट्या गुंतवणूकदारांसाठीच्या मूलभूत प्रकारातलं उघडलं. सप्टेंबर 2024 पासूनच्या नियमाने अशा खात्यात 4 लाख रुपयांपर्यंतच्या शेअरना वार्षिक शुल्क शून्य आणि 4 ते 10 लाखांपर्यंत 100 रुपये आहे. अट अशी, की तुमच्या एकट्याच्या किंवा पहिल्या नावावर एकच डीमॅट खातं असायला हवं. दोन-तीन ॲपवर गंमत म्हणून खाती उघडून ठेवणारे इथे नुकसान करून घेतात.

अर्जाला चाळीस मिनिटं लागली. आधार आणि पॅन डिजिलॉकरमधून येतात, फोटो काढून चढवावे लागत नाहीत. बँक खाते क्रमांक आणि आयएफएससी दिल्यावर खात्यात एक रुपया जमा होतो, त्यातून खात्यावरचं नाव ताडलं जातं. संयुक्त खातं असेल तर पहिलं नाव तुमचंच हवं. बँकांच्या विलीनीकरणात आयएफएससी बदलले आहेत, तेव्हा जुन्या चेकबुकावरून कोड उतरवू नका.

मग ज्या टिका आधीच मारून ठेवलेल्या असतात तिथे थांबा. ‘इक्विटी’शेजारी ‘फ्युचर्स-ऑप्शन्स’ची (शेअर न घेता त्याच्या पुढच्या भावावर करायच्या सौद्यांची) टीकही होती, ती काढली. ती ठेवली तर उत्पन्नाचा पुरावा मागतात, ही झाली गैरसोय. खरं कारण सेबीच्याच सप्टेंबर 2024 च्या पाहणीत आहे: 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत तिथल्या 93 टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला आणि एकूण तोटा 1.8 लाख कोटी रुपयांच्या वर गेला. पहिल्या फेऱ्यात त्या दाराशी जायचं काम नाही.

नॉमिनीचं नाव ‘नंतर भरू’ म्हणून सोडू नका. आता दहा जणांपर्यंत नावं देता येतात, प्रत्येकाचा वाटा टक्क्यांत लिहायचा असतो. नको असेल तर तसं स्पष्ट नोंदवावं लागतं. नोंद नसलेल्या खात्यातले शेअर मागे राहिलेल्यांच्या नावावर करताना वारसांची ना-हरकत पत्रं, प्रतिज्ञापत्रं आणि हमीपत्रं गोळा करावी लागतात. इथली दोन मिनिटं तिथले कित्येक हेलपाटे वाचवतात.

शेवटी कॅमेरा. पडद्यावर आलेला आकडा वाचायचा किंवा कागदावर लिहून चेहऱ्याशेजारी धरायचा. मोबाइलचं लोकेशन चालू लागतं, कारण अर्जदार भारतात आहे याची नोंद घेतात. सही कोऱ्या पांढऱ्या कागदावर करून तिचा फोटो चढवायचा. त्यानंतर भलीमोठी पीडीएफ आणि आधार ओटीपीने ई-सही. ती पीडीएफ उतरवून ठेवा. कोणकोणत्या परवानग्या दिल्या ते नंतर फक्त तिथेच सापडतं.

4 ते 7 नोव्हेंबर: वाट

मंगळवारी सकाळी ईमेल आला: सही नामंजूर. कागद वहीचा होता, रेघा सहीत मिसळल्या होत्या. कोऱ्या कागदावर, काळ्या पेनाने, सावली न पाडता पुन्हा फोटो काढून पाठवला. बुधवारी, 5 तारखेला, गुरू नानक जयंतीची बाजाराला सुट्टी. गुरुवारी डिपॉझिटरीकडून, म्हणजे सगळ्यांची डीमॅट खाती जिच्याकडे असतात त्या संस्थेकडून, डीमॅट क्रमांकाचा ईमेल आला.

या क्रमांकावरून खातं कुठल्या डिपॉझिटरीत आहे ते कळतं. सोळाही अंकच असतील तर सीडीएसएल, ‘आयएन’ या दोन अक्षरांनी सुरुवात होऊन पुढे चौदा अंक असतील तर एनएसडीएल. शेअर ब्रोकरकडे नसतात, या दोघींपैकी एकीकडे असतात. ब्रोकर फक्त दरवाजा. हा फरक डोक्यात बसला की पुढची निम्मी भीती जाते.

डीमॅट नंबर आला म्हणजे काम झालं, असं मात्र नाही. एक्सचेंजवर तुमचा ग्राहक कोड चालू व्हावा लागतो, तो शुक्रवारी झाला. तोवर ॲप उघडतं, भाव हलताना दिसतात, पण ऑर्डर टाकली की नाकारली जाते. या दिवसांत नवे लोक ॲप काढून पुन्हा टाकत बसतात, त्याने काही होत नाही.

10 आणि 11 नोव्हेंबर: खरेदी

यूपीआयने 2,500 रुपये भरले. पैसे नोंदवलेल्या बँक खात्यातूनच जायला हवेत. बायकोच्या किंवा भावाच्या खात्यातून पाठवलेले पैसे परत येतात, कधी कधी दोन-तीन दिवसांनी. ब्रोकरसाठी सेबीने 1 ऑक्टोबर 2025 पासून ‘@व्हॅलिड’ असलेले यूपीआय पत्ते आणले आहेत, तो शब्द पत्त्यात आहे ना ते पाहून घ्या. कुणा व्यक्तीच्या यूपीआयवर किंवा भलत्याच कंपनीच्या चालू खात्यात पैसे मागितले, तर तिथेच थांबा.

बाजार 9.15 ते 3.30. त्याआधी 9 वाजल्यापासून पूर्व-सत्र असतं, नवख्याने त्यात पडू नये. पहिली पंधरा-वीस मिनिटंही सोडा, भाव तेव्हा उड्या मारतो. सोमवारी अकराच्या सुमारास एका मोठ्या कंपनीचे 5 शेअर 410 च्या लिमिट भावाने लावले. लिमिट म्हणजे याहून जास्त देणार नाही. मार्केट ऑर्डर म्हणजे मिळेल त्या भावाने घ्या. रोज लाखोंनी उलाढाल होणाऱ्या शेअरमध्ये दोन्हींत फार फरक पडत नाही, पण ज्यात सौदे कमी होतात अशा शेअरमध्ये मार्केट ऑर्डर खिसा कापते.

भाव 410 पर्यंत उतरलाच नाही. ऑर्डर 3.30 ला आपोआप रद्द झाली आणि अडकलेले पैसे मोकळे झाले. मंगळवारी 412 लावला, दहा मिनिटांत सौदा झाला. या भावपट्ट्यात भाव 5 पैशांच्या पटीत द्यावा लागतो. 412.03 असा आकडा टाकला तर ऑर्डर परत येते.

बटण दाबण्याआधी एक जागा बघा. तिथे ‘डिलिव्हरी’, ‘इंट्राडे’ आणि बऱ्याच ॲपवर ‘एमटीएफ’ असे पर्याय असतात. इंट्राडे निवडलं तर ब्रोकर संध्याकाळ व्हायच्या आत सौदा आपणहून कापतो. एमटीएफ म्हणजे उधारीवर खरेदी, रोजचं व्याज चालू. थोड्या पैशांत चौपट शेअर मिळताहेत असं दिसलं, तर बहुधा तुम्ही एमटीएफवर आहात.

त्या रात्री कॉन्ट्रॅक्ट नोट ईमेलवर आली. पासवर्ड बहुतेक ठिकाणी पॅन क्रमांक, मोठ्या अक्षरांत. खरी पावती हीच. ॲपच्या पडद्याचा फोटो काढून काही सिद्ध होत नाही. हिशेब असा होता: 5 शेअर 412 ने, म्हणजे 2,060 रुपये. ब्रोकरेज 20. एसटीटी म्हणजे शेअर व्यवहारावरचा कर 0.1 टक्का, म्हणजे 2.06, पूर्णांकात 2. मुद्रांक शुल्क 0.015 टक्के, 31 पैसे. एक्सचेंजचा आकार 6 पैसे. सेबीचं शुल्क पैशाच्याही खाली. ब्रोकरेज आणि एक्सचेंजच्या आकारावर 18 टक्के जीएसटी, 3 रुपये 61 पैसे. सगळं मिळून 25 रुपये 98 पैसे, म्हणजे रकमेच्या सव्वा टक्का. हीच खरेदी 50,000 ची असती तर ब्रोकरेज 20 रुपयेच राहिली असती आणि एकूण खर्च 0.17 टक्क्याच्या आसपास आला असता. ठोक ब्रोकरेज असलेल्या खात्यात दर महिन्याला हजाराची खरेदी अशी महाग पडते.

12 नोव्हेंबर: शेअर कुठे आहेत?

सौद्यानंतरच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी शेअर डीमॅटमध्ये येतात. 27 जानेवारी 2023 पासून सगळ्या शेअरना हाच नियम आहे. मध्ये सुट्टी आली तर एक दिवस पुढे. ते येण्याआधी विकण्याची सोय ॲप देतं, पण समोरच्याने शेअर दिलेच नाहीत तर लिलावातून तेवढे शेअर आणून देण्याचा भुर्दंड तुमच्यावर येऊ शकतो, म्हणून घाई करू नका.

संध्याकाळी ब्रोकरचं ॲप बाजूला ठेवून थेट सीडीएसएलच्या ‘ईझी’ सेवेवर नोंदणी केली. डीमॅट क्रमांक, जन्मतारीख, ओटीपी, पाच मिनिटांचं काम आणि फुकट. (एनएसडीएलवाल्यांसाठी ‘आयडियाज’ आहे.) तिथे कंपनीचं नाव, ‘आयएनई’ने सुरू होणारा आयएसआयएन म्हणजे त्या शेअरचा ओळख क्रमांक आणि पुढे 5 हा आकडा होता.

या सगळ्या फेऱ्यातून एकच पायरी निवडा म्हटलं, तर ही निवडेन. व्हॉट्सॲप ग्रुपमधून येणारी बनावट ट्रेडिंग ॲप हुबेहूब दिसतात, वाढता नफा दाखवतात आणि विश्वास बसावा म्हणून सुरुवातीला हजार-दोन हजार रुपये काढूही देतात. पैसे परत आले म्हणजे ॲप खरं, असं त्यामुळे म्हणता येत नाही. डिपॉझिटरीच्या वेबसाइटवर तुमच्या नावापुढे शेअर उमटवणं मात्र त्यांना जमत नाही.

18 नोव्हेंबर: विक्री

भाव 419 झाला होता. विकताना एक जादा पायरी लागते, ती खरेदीच्या वेळी नसते, म्हणून लोक गडबडतात. शेअर डीमॅटमधून काढायला तुमची परवानगी लागते. ब्रोकरला डीडीपीआय हे अधिकारपत्र दिलं असेल तर ती आपोआप मिळते. दिलं नसेल तर दर वेळी सहा अंकी टी-पिन आणि ओटीपी द्यावा लागतो. टी-पिन सीडीएसएल पाठवते, ब्रोकर नाही. डीडीपीआयला या ब्रोकरकडे 100 रुपये अधिक जीएसटी होते, ते दिलं नाही. वर्षातून चारदा विकणाऱ्याला टी-पिन पुरतो. खाते उघडतानाचा तो टी-पिनचा ईमेल स्पॅममध्ये गेला होता, तेव्हा नवा मागवला. यात दहा-पंधरा मिनिटं गेली आणि भाव वीस पैशांनी हलला. घाईच्या दिवशी हीच मिनिटं महागात पडतील, तेव्हा टी-पिन आदल्या दिवशीच तपासून ठेवा.

परवानगी दिल्यावर विक्रीची ऑर्डर, 419 ला पाचही शेअर गेले. विकलेले शेअर लगेच नाहीसे होत नाहीत. ते आधी आपल्याच डीमॅटमध्ये अडकवून ठेवले जातात आणि हिशेबाच्या वेळी सौदे पुरे करून देणाऱ्या क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे जातात. ‘ईझी’वर हे दिसतं.

कॉन्ट्रॅक्ट नोट: 2,095 रुपये. ब्रोकरेज 20, एसटीटी 2, एक्सचेंज 6 पैसे, जीएसटी 3 रुपये 61 पैसे. विक्रीला मुद्रांक शुल्क नसतं. वजा जाता 2,069 रुपये 33 पैसे. आधीचे उरलेले 414 रुपये 2 पैसे धरून खात्यात 2,483 रुपये 35 पैसे.

19 आणि 20 नोव्हेंबर: पैसे परत

विक्रीच्या दिवशी पैसे ॲपमध्ये दिसतात, काढता येत नाहीत. 19 तारखेला संध्याकाळी पूर्ण रक्कम काढायची विनंती टाकली: 2,483.35. दुसऱ्या दिवशी दुपारी बँकेत आले 2,465.65.

17 रुपये 70 पैसे कमी. कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये हा आकडा कुठेच नाही. तो लेजरमध्ये, म्हणजे ब्रोकरकडच्या जमा-खर्चाच्या उताऱ्यात सापडला: डीपी शुल्क 15 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी. हे शुल्क शेअर डीमॅटमधून बाहेर जाताना लागतं, दर कंपनीमागे दर दिवशी एकदा. 5 शेअर विका की 500, आकार तोच. म्हणून एकाच कंपनीचे शेअर थोडे थोडे करून चार दिवस विकू नका, चार वेळा कापले जातात. लेजर आणि कॉन्ट्रॅक्ट नोट हे दोन वेगळे कागद आहेत, आणि ताळा लेजरवरूनच जमतो.

तर भाव शेअरमागे 7 रुपयांनी वाढला, 35 रुपये कमावले, जाता-येता 69 रुपये 35 पैसे खर्च झाला. निव्वळ 34 रुपये 35 पैसे गेले.

कराचाही एक धागा आहे. बारा महिन्यांच्या आत विकल्यामुळे हा व्यवहार अल्पकालीन भांडवली नफ्या-तोट्यात मोडतो, आणि तो असला की आयटीआर-1 चालत नाही, आयटीआर-2 भरावा लागतो, रक्कम कितीही क्षुल्लक असो. ज्यांना तो सोपा फॉर्म सोडायचा नाही त्यांनी घेतलेले शेअर न विकता फेरा ‘ईझी’पर्यंतच करावा. नफा असता तर त्यावर 20 टक्के कर आणि वर उपकर लागला असता. तोटा वेळेत विवरणपत्र भरलं तर पुढची आठ वर्षं ओढता येतो, मात्र खर्चाच्या हिशेबात एसटीटी धरता येत नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात डिपॉझिटरीचं एकत्रित विवरणपत्र ईमेलवर आलं. पासवर्ड पुन्हा पॅन. त्यात नोव्हेंबरच्या दोनच नोंदी: 5 शेअर जमा, 5 शेअर नावे, शिल्लक शून्य. ते दोन्ही कॉन्ट्रॅक्ट नोटांच्या आणि लेजरच्या सोबत एका फोल्डरमध्ये ठेवलं, विवरणपत्र भरताना लागेल म्हणून.